आजारपण, हजेरी आणि हक्क

आमच्या घराच्या भिंतीवर २०१८ सालचे एक कॅलेंडर अजून टांगलेले आहे. घरी येणारा पाहुणा विचारतो, "मास्तर, हे जुनं कॅलेंडर कायले ठेवलं?" मी हसून विषय बदलतो. माझी माय अक्षरशत्रू. पण बा कामावर गेला की त्या दिवसाच्या तारखेवर ती पेनाने एक उभी रेघ ओढायची. खाडा झाला की गोल काढायची. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांतल्या रेघा मी अनेकदा मोजल्या आहेत. त्या एकशे एकतीस भरतात. त्याच सहा महिन्यांत ठेकेदाराने सरकारदप्तरी माझ्या बापाचे जे दिवस दाखवले, ते एकसष्ट.

मी इतिहास शिकवतो. शिलालेख, ताम्रपट, बखरी, शकावल्या ही इतिहासाची साधने म्हणून मुलांना सांगतो. पण एका निरक्षर बाईने ओढलेल्या एकशे एकतीस रेघा हेही इतिहासाचेच साधन आहे, हे मला फार उशिरा कळले. राजांच्या लढायांच्या तारखा आपण पाठ करतो. आपल्या बापाने किती दिवस राबून किती दिवसांचा हक्क कमावला, याची तारीखवार नोंद मात्र आपल्यापैकी कोणाच्या घरात नसते. ज्याची नोंद नाही त्याचा हक्क नाही, असा या व्यवस्थेचा कायदा आहे. म्हणून या लेखात मला आजारपणाचा इतिहास सांगायचा आहे. रोगांचा इतिहास डॉक्टर सांगतील. आजारी पडलेल्या कष्टकऱ्याला घरी झोपून राहण्याचा हक्क केव्हा, कसा आणि कोणाला मिळाला, आणि कोणाला मिळाला नाही, हा माझा विषय आहे.

गावगाड्यात आजारी पडण्याला जागाच नव्हती. महारकीचे वतन हे एका माणसाचे नव्हते, ते सबंध घराच्या मानेवरचे जू होते. बाप तापाने फणफणला तर मुलाने सांगावा घेऊन पळायचे, मुलगा नसेल तर बायकोने जायचे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाच्या दुरुस्तीचा प्रश्न मांडला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख याच अमर्याद राबणुकीवर होता. कामाला वेळेचे बंधन नाही, मोबदल्याला मोजमाप नाही, आणि माणूस बदलला तरी काम सुटत नाही. जिथे कामाचा दिवसच मोजला जात नाही, तिथे आजारपणाचा दिवस कोण मोजणार?

आमचा कोरपना-राजुऱ्याचा मुलूख तर निजामाच्या राज्यात होता. राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांद्याला आला. कोरपना हा तालुका पुढे याच राजुऱ्यातून निघाला. राज्ये बदलली, सरहद्दी सरकल्या, पण सालगड्याचा करार बदलला नाही. गुढीपाडव्याला साल ठरायचे, आणि वर्षभरात जेवढे खाडे पडतील तेवढे दिवस साल संपल्यावर भरून द्यायचे. म्हणजे आजारी पडणे हे कर्ज होते. माझ्या आज्याच्या बापाने हिवतापाचे दिवस पुढल्या सालात फेडले, असे आजी सांगायची. तापाचे व्याज अंगमेहनतीने फेडणारा तो माणूस कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात नाही.

या पार्श्वभूमीवर पाश्चात्त्य देशांकडे पाहिले म्हणजे फरक ध्यानात येतो. जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत १८८३ साली आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराचे, एक मालकाचा. बिस्मार्कच्या मनात कामगारांविषयी कळवळा होता असे नाही, समाजवाद्यांचे बळ वाढू नये हा त्याचा हिशोब होता. ब्रिटनमध्ये १९११ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा आला. पुरुष कामगाराने आठवड्याला चार पेन्स द्यायचे, मालकाने तीन, सरकारने दोन. आजारी पडल्यावर पुरुषाला आठवड्याला दहा शिलिंग आणि बाईला साडेसात. पण त्यासाठी आधी सव्वीस आठवड्यांची वर्गणी पडलेली असली पाहिजे, अशी अट होती. इथे एक नवी कल्पना जन्माला आली. आजारी माणूस दारात हात पसरून उभा नाही. त्याने राबून, वर्गणी भरून, आपल्या आजारपणाचे दिवस आधीच विकत घेतले आहेत. दान आणि हक्क यांमधली भिंत ही अशी हजेरीच्या विटांनी उभी राहिली.

हिंदुस्थानात या प्रश्नाची चर्चा १९२९ साली नेमलेल्या राजेशाही कामगार आयोगाने केली. त्याचा अहवाल १९३१ साली आला आणि नेहमीप्रमाणे वर्षे लोटली. खरी गती आली ती १९४२ नंतर. त्या वर्षी डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल सादर केला. कापड, अभियांत्रिकी, खनिजे व धातू या उद्योगांपासून सुरुवात करावी, असा त्याचा आराखडा होता. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादकडच्या कोळसा खाणींत स्वतः उतरले होते, आणि १९४४ साली कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीही उभा झाला. बाबासाहेब जून १९४६ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले. नोव्हेंबर १९४६ मध्ये विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आले, तेव्हा मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडे होते. या दोघांच्या राजकारणात केवढे अंतर होते हे आपण जाणतोच. तरीही कामगाराच्या आजारपणाच्या हक्काची पायाभरणी आणि उभारणी अस्पृश्य समाजातून आलेल्या दोन मजूरमंत्र्यांच्या कारकिर्दीत झाली, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांतून जाणूनबुजून पुसट ठेवलेली आहे. आपला समाज बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून मिरवतो. त्यांचे मजूर खात्यातले काम मात्र आपल्या जयंतीच्या भाषणांतही क्वचितच येते.

१९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. १९५४ साली ती नागपूर आणि मुंबईत आली.

नागपूर म्हटले की मला माझा आजा आठवतो. कोरपन्याकडून पोट भरायला निघालेला हा माणूस नागपूरच्या एका कापड गिरणीत बदली कामगार होता. बदलीवाला म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागते. भल्या पहाटे गिरणीच्या फाटकाशी उभे राहायचे. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर जॉबर बोट दाखवील त्याने आत जायचे. बाकीच्यांनी परतायचे. दुसऱ्याचा खाडा ती बदलीवाल्याची हजेरी. दुसरा आजारी पडावा अशी वाट पाहत उभे राहणे ही त्याची नोकरी. आता आजारपणाच्या लाभाची आरंभीची अट पाहा. लाभ मिळायचा तर आधीच्या वर्गणीकाळातील कामास उपलब्ध असलेल्या आठवड्यांपैकी दोन तृतीयांश आठवड्यांची वर्गणी लागू झालेली असली पाहिजे. त्या काळी वर्षातून जास्तीत जास्त ५६ दिवसांचा लाभ होता, तोही पगाराच्या साधारण निम्मा. १९६१ साली आज्याला विषमज्वर झाला. त्याचे आठवडे भरले नाहीत. ज्याची हजेरी दुसऱ्याच्या आजारावर उभी, त्याच्या स्वतःच्या आजाराला हजेरी अपुरी पडली. आजा गावी परत आला तो कायमचा. सोबत त्याने विम्याचे कार्ड आणले होते. आजीने ते कार्ड बुद्धाच्या तसबिरीमागे जपून ठेवले होते. त्याचा उपयोग काय, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

आता कोणी म्हणेल, बदलीवाले तर सगळ्याच जातींचे होते, यात जातीचा प्रश्न कोठे? मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण घ्या. तिथे अस्पृश्यांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि उष्ट्याचा विटाळ होई. ज्या खात्यात पगार चांगला तेच खाते बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. कायदा कोणाची जात विचारत नाही हे खरे. तो फक्त दिवस आणि पगार विचारतो. पण कोणाला किती दिवस आणि किती पगार मिळेल हे ज्या समाजात जात ठरवते, तिथे दिवस विचारणे म्हणजे आडवळणाने जात विचारणेच होय. हे एक वाक्य विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे असे मला वाटते.

पुढे हिशोब तेरा आठवड्यांवर आला आणि नंतर दिवसांवर. बा आजारी पडला तेव्हा लागू असलेला नियम नीट समजून घेतला पाहिजे, कारण अज्ञान ही ठेकेदाराची पहिली गुंतवणूक असते. वर्षाचे दोन वर्गणीकाळ. पहिला १ एप्रिल ते ३० सप्टेंबर, दुसरा १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्या काळातली वर्गणी पुढल्या १ जानेवारी ते ३० जून या लाभकाळाला उपयोगी पडते, दुसऱ्या काळातली १ जुलै ते ३१ डिसेंबरला. वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी देय असेल, तर लाभकाळात आजारी पडल्यावर सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. आजाराचे पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत. ७८ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. सहा महिन्यांचे सव्वीस आठवडे, आठवड्याचे सहा कामाचे दिवस, म्हणजे १५६. त्याचे निम्मे ७८. क्षयासारखे ३४ दीर्घ आजार असतील तर ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढीव लाभ आहे. पण त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि चार वर्गणीकाळांत मिळून १५६ दिवस लागतात.

आता या गणिताच्या बाहेर कोण राहिले ते पाहू. १९४८ च्या कायद्याने खाणींना कारखान्याच्या व्याख्येतून वगळले. म्हणजे बल्लारपूर, घुग्घुस, सास्तीकडचा कोळसा खणणारा त्या कायद्याच्या योजनेत नव्हता. कायम खाणकामगाराला दुसऱ्या सोयी आहेत, ठेक्यावरच्याला त्या कितपत पोचतात हे ज्याचे त्याला ठाऊक. हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी कारखान्यांच्या यादीत कापसाचे जिनिंग पहिल्याच ओळीत. माझी माय कोरपन्याकडच्या जिनिंगमध्ये हंगामभर कापूस उचलायची. नाकातोंडात कापसाचा कस्तर जायचा, रात्रभर खोकायची. तिच्या खोकल्याला कायद्यात जागा नव्हती, कारण तिचा कारखाना वर्षभर चालत नव्हता. शेतमजूर नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारे नाहीत. माणिकगडाच्या आणि जिवतीच्या पहाडावरचे कोलाम-गोंड नाहीत. ज्या कापसाने गिरण्या चालल्या तो कापूस वेचणारी आणि साफ करणारी बाहेर, आणि तो विणणारा आत. आमच्या तालुक्यात कायद्याच्या आत येऊ शकेल असा कष्टकरी म्हणजे मुख्यतः गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या पट्ट्यातल्या सिमेंट कारखानदारीतला. आणि त्यातही जड, धुळीचे, हमालीचे काम ठेकेदाराच्या माणसांकडे.

माझा बा अशाच एका ठेकेदाराकडे होता. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याला क्षय निघाला. त्याच्या मजुरीच्या चिठ्ठीवर शेकडा पावणेदोन रुपये विम्यासाठी कापलेले दिसत होते. तेव्हाचा कामगाराचा दर तोच होता, मालकाचा पावणेपाच. (१ जुलै २०१९ पासून हे दर पाऊण आणि सव्वातीन झाले.) मी कागद घेऊन कचेरीत गेलो. बा सोबत होता, दम लागून दाराशीच बसला. कारकून पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "दिवस भरत नाहीत. एकसष्टच आहेत." मी परत येऊन बाला सांगितले. तो म्हणाला, "बापू, मी त रोज गेलो होतो." एवढेच. त्याच्या आवाजात राग नव्हता. आपण रोज गेलो होतो हे पोराला तरी खरे वाटावे, एवढीच त्याची विनवणी होती. मी शिकलेला मुलगा, दोन पदव्या घेतलेला, आणि माझ्या बापाला स्वतःच्या कष्टाची साक्ष माझ्यापुढे द्यावी लागली. ती लाज मी अजून विसरलेलो नाही.

रात्री कायदा वाचायला बसलो. इतिहासाचा विद्यार्थी एका शब्दावर थांबायला शिकलेला असतो. मी 'देय' या शब्दावर थांबलो. कायदा म्हणतो, वर्गणी 'देय' असली पाहिजे. 'भरलेली' असली पाहिजे, असे म्हणत नाही. म्हणजे कामगार कामावर गेला, त्याचा रोज झाला, की त्या दिवसाची वर्गणी देय झाली. ती मालकाने भरली नाही, तर तो मालकाचा अपराध, कामगाराचा खाडा नव्हे. ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारीही मूळ मालकावर आहे, त्याने ती मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. वर्गणी न भरल्याने कामगाराचा लाभ बुडत असेल, तर महामंडळ त्याला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. एका शब्दात केवढे संरक्षण! पण तो शब्द मजुराच्या वस्तीपर्यंत पोचवायला कोणी आलेले नव्हते.

मायच्या कॅलेंडराची नक्कल, फाटकावरच्या नोंदी, सोबतच्या चार मजुरांचे जबाब जोडून तक्रार केली. चौकशी झाली, दिवस मान्य झाले. साडेतीनशे रुपये रोजाच्या ७० टक्के म्हणजे २४५ रुपये, ९१ दिवसांचे २२,२९५. २०२० च्या फेब्रुवारीत पैसे आले. तोवर मायने बचत गटातून दोनदा उचल केली होती आणि दोन बकऱ्या विकल्या होत्या. वाढीव लाभ मिळाला नाही. ठेकेदार दरसाल नाव बदलायचा आणि दरवेळी नवा विमा क्रमांक काढायचा. विमा क्रमांक जन्मभर एकच असायला हवा. माझ्या बापाचे कागदोपत्री तीन माणूस झाले होते, आणि त्या तिघांपैकी एकाचीही नोकरी सलग दोन वर्षांची नव्हती.

इथे बचतीचा प्रश्न येतो. हल्ली गरिबाला सगळे बचतीचे धडे देतात. बचत वाईट नाही. मायच्या गटाने बाला औषधपाण्याला जगवले हे मी कसे विसरू? पण बचत आणि वर्गणी एक नव्हेत. बचत म्हणजे आपलाच घास आपण मागे ठेवणे. आजारपण आले की ती संपते, वर कर्ज होते. वर्गणीत मालकाचा हिस्सा असतो, निरोग्याने आजाऱ्याला दिलेला हात असतो. शिवाय वर्गणीचा हक्क मागताना तुमच्या घरी किती बकऱ्या आहेत हे कोणी विचारत नाही. दुसरे दार गरिबीच्या दाखल्याचे. १९८० पासूनच्या संजय गांधी निराधार योजनेत क्षय, कुष्ठ, कर्करोगाच्या रुग्णालाही आधार मिळू शकतो, पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये ठेवली गेली. विम्याच्या कायद्यात २०१७ पासून २१,००० ही पगाराची मर्यादा आहे, पण ती दरमहा! एकाच आकड्याची ही दोन टोके. मधल्या दरीत माझ्या तालुक्यातले बहुसंख्य लोक राहतात. निराधारासाठी ते पुरेसे कंगाल नाहीत, विम्यासाठी पुरेसे हजर नाहीत. ब्रिटनमध्येही अशी दोन दारे आहेत. वर्गणीवरचा आजार-लाभ मागील दोन करवर्षांची वर्गणी तपासतो, बचत पाहत नाही. गरजेवरची मदत मात्र १६,००० पौंडांपेक्षा जास्त बचत असली की बंद होते. काटकसरीने चार पैसे जोडलेला माणूस दुसऱ्या दारात अपराधी ठरतो.

मग मार्ग कोणता? आपल्याच महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून एक मार्ग दाखवला आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्यात हमालाची नोंदणी मंडळाकडे असते. मालक दहा बदलोत, मजुरीवरची लेव्ही मंडळात जमा होते, माणूस एकच राहतो. ठेक्यावरच्या मजुराला हेच हवे आहे. त्याचा क्रमांक एक, त्याची हजेरी त्याच्या स्वतःच्या हाती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि १९४८ चा कायदा तिच्यात सामावला. संहिताही हंगामी कारखाना वगळूनच बोलते. मायच्या जिनिंगचा खोकला अजून बाहेरच आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी मोर्च्यात ज्या मागण्या लिहायच्या, त्यात ही एक असली पाहिजे.

शेवटी स्वतःविषयी. मी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. घेतलेल्या तासाचे पैसे, न घेतलेल्याचे नाही. गेल्या पावसाळ्यात आठ दिवस तापाने पडलो, आठ दिवसांचे मानधन गेले. आजा फाटकाशी उभा राहायचा, मी वेळापत्रकाशी उभा आहे. पदवीने माझी भाषा बदलली, हजेरीपट बदलला नाही. म्हणून हा प्रश्न 'त्यांचा' नाही, आपला आहे, असे मी माझ्या पिढीच्या शिकलेल्या मुलांना सांगतो.

बा आता जड काम करू शकत नाही. दारात बसून असतो. माझ्या वर्गातली काही मुले सुटीत ठेकेदाराकडे कामाला जातात. जाण्याआधी ती घरी येतात, तेव्हा बा त्यांना दोनच गोष्टी विचारतो. "नंबर घेतला का रे? आन् दिवस लिहून ठेवतं का?" माय उठते आणि आतून कॅलेंडर आणून दाखवते. माझ्या सबंध इतिहासाच्या तासात मी जे सांगू शकत नाही, ते त्या मुलांना तिथे दोन मिनिटांत कळते.